पोपट बरा होतो आणि पुन्हा आजारी पडतो: दोष घरात कसा शोधावा

पक्षी पिसे फुगवून दांडीच्या कोपऱ्यात बसतो, खाणे कमी करतो, डॉक्टरांकडे नेल्यावर चार-पाच दिवसांच्या औषधाने हुशार होतो आणि दोन-तीन आठवडे उलटले की पुन्हा तसाच फुगून बसतो. पोपट पाळणाऱ्या घरांतून ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिच्यावर बहुतेक वेळा एकच उपाय होतो, तो म्हणजे पुन्हा तेच औषध. औषधाला दोष देण्याचे कारण नाही. संसर्ग, यकृताचे विकार, आहारातील कमतरता अशी आजार उलटण्याची वैद्यकीय कारणे असतात आणि ती तपासणीशिवाय कळत नाहीत, म्हणून पहिली पायरी पक्ष्यांच्या डॉक्टरांचीच. परंतु तपासणीत काही सापडत नसेल आणि पक्षी चार दिवस दुसऱ्याच्या घरी राहून ठणठणीत होत असेल व आपल्या घरी आल्यावर पुन्हा मलूल पडत असेल, तर कारण पक्ष्यात नसून घरात आहे असे धरून चालावे. पुढील मजकूर त्या शोधाविषयी आहे.

हे विवेचन कॉकाटील, ज्याला बाजारात सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात, तसेच बजरीगर, लव्हबर्ड आणि कोन्यूर या परदेशी पोपटांना धरून केले आहे. आपल्याकडील हिरवा देशी पोपट, मग तो कंठवाला असो वा पहाडी, पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. ‘आमच्या आजोबांपासून आहे’ हे उत्तर कायद्यात बसत नाही. जखमी देशी पोपट हाती लागला तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि तोवर खाली दिलेली प्राथमिक काळजी घ्यावी.

‘आम्हाला तर काहीच होत नाही’

घरातील कारण शोधू लागले की हा युक्तिवाद सर्वांत आधी समोर येतो. माणसाची छाती भात्यासारखी चालते, एकाच वाटेने हवा आत येते आणि त्याच वाटेने बाहेर जाते. पक्ष्याला मध्यपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, नसतो. त्याच्या शरीरात साधारण नऊ वायुकोश, म्हणजे हवेच्या पिशव्या, पसरलेले असतात आणि त्यांच्या साहाय्याने फुप्फुसांतून हवा एकाच दिशेने वाहत राहते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदाही अतिशय पातळ असतो. उडण्यासाठी लागणारा प्राणवायू या रचनेमुळे भरपूर मिळतो, पण हवेत जे काही असेल तेही तितक्याच वेगाने रक्तात उतरते, आणि ज्या शरीरात ते उतरते त्याचे वजन कॉकाटीलच्या बाबतीत अवघे ८०-१०० ग्रॅम असते. ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींत कार्बन मोनॉक्साइडची पूर्वसूचना मिळावी म्हणून कॅनरी पक्षी नेत असत, आणि १९८६ मध्ये त्यांची जागा इलेक्ट्रॉनिक उपकरणांना देण्याचा निर्णय होईपर्यंत ही पद्धत चालू होती. माणसाला काही जाणवण्याआधी पक्षी कोसळतो, याच भरवशावर ते पक्षी खाणीत उतरवले जात. घरातील माणसांना काही न होणे हा हवा निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही.

दुसरी अडचण अशी की पक्षी आजार लपवतो. रानात जो अशक्त दिसतो तो आधी मारला जातो, त्यामुळे पिंजऱ्यात जन्मलेला पक्षीही शक्य तोवर ताठ बसतो. आपल्याला तो फुगलेला दिसतो तेव्हा मूळ घटनेला काही तास, कधी एखादा दिवसही होऊन गेलेला असतो. म्हणून आपण शुक्रवारी सकाळी पक्षी आजारी पाहतो आणि शुक्रवारी सकाळी काय घडले ते आठवत बसतो. शोध नेमका इथेच चुकतो.

आमच्या घरचे उदाहरण

आमचा करड्या रंगाचा कॉकाटील त्या पावसाळ्यात वारंवार आजारी पडला. दर वेळी चित्र सारखे होते: सकाळची शीळ बंद, तुरा पडलेला, दांडीवर बसल्या बसल्या श्वासागणिक शेपटी वर-खाली होत असलेली. शेपटीची ही हालचाल पोपट पाळणाऱ्याने डोळ्यात साठवून ठेवावी, कारण श्वास घ्यायला कष्ट पडत असल्याची ती सर्वांत सहज दिसणारी खूण आहे. डॉक्टरांनी दोनदा औषध दिले. तिसऱ्या खेपेस त्यांनी औषध लिहिण्यापूर्वी विचारले, ‘वार कोणता होता?’ आम्हाला सांगता आले नाही. मग त्यांनी स्वयंपाकघरातील एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा घेऊन रोज सकाळी, खाणे देण्यापूर्वी, पक्ष्याचे वजन नोंदवायला आणि त्याच वहीत आदल्या दिवशी घरात काय काय झाले ते लिहायला सांगितले.

त्या वहीतील एक आठवडा असा होता:

बुधवार. ९२ ग्रॅम. शीळ नेहमीची. दुपारी वाटीत अंघोळ.
गुरुवार. ९२. संध्याकाळी आरती, धूप. डासांमुळे साडेसहालाच खिडक्या बंद.
शुक्रवार. ९०. शीळ नाही. शेपटी हलते. उजव्या डोळ्यात पाणी.
शनिवार. ८८. राळे शिवले नाहीत, फक्त कणीस कुरतडले.
रविवार. ८९. दुपारनंतर बोलला.
सोमवार. ९१. शीळ.

दत्ताच्या वारी आमच्याकडे निखाऱ्यावर धूप घालण्याची पद्धत आहे. धुपाटणे दिवाणखान्यात फिरते आणि पिंजरा दिवाणखान्यातच असतो. ही पद्धत वर्षानुवर्षांची, पक्षीही तिथेच वर्षानुवर्षे, मग त्रास पावसाळ्यातच का, हा आईचा प्रश्न रास्त होता. तिचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता: ‘अरे, देवाचा धूप, तो पाखराला कसा बाधेल?’ उत्तर तिसऱ्या गुरुवारच्या नोंदीने दिले. त्या संध्याकाळी वीज गेली होती, उकाड्यामुळे दारे-खिडक्या सताड उघड्या होत्या, धूप नेहमीइतकाच झाला, आणि शुक्रवारी पक्षी शीळ घालत होता. धूप तोच आणि पक्षीही तोच, फरक होता तो फक्त बंद खिडक्यांचा.

इथे एक पळवाट होती आणि ती तपासणे आवश्यक होते. वीज नसल्यामुळे त्या संध्याकाळी डासांचे द्रवरूप औषध तापवणारे यंत्रही बंद होते, मग दोष यंत्राचा का नसावा? वहीनुसार यंत्र आठवड्याचे सातही दिवस चालत होते आणि पक्षी केवळ गुरुवारनंतर आजारी पडत होता, त्यामुळे एकट्या यंत्रावर आरोप ठेवता येत नव्हता. ते आम्ही तरीही काढून टाकले, कारण कीटकनाशकाची वाफ बंद खोलीत रात्रभर पक्ष्याने घ्यावी असे काही तिच्यात नाही. पण कारण आणि संशय यांतला भेद वहीमुळेच करता आला. धगधगत्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइडही बाहेर पडतो आणि बंद खोलीत तो साचतो, हे त्या निमित्ताने घरातील माणसांसाठीही लक्षात आले.

उपाय फार मोठा नव्हता. खिडकीला स्टीलची डासांची जाळी बसवून घेतली, म्हणजे संध्याकाळी काचा बंद करण्याची गरजच उरली नाही. निखाऱ्याचा धूप गॅलरीत होतो, आत फक्त निरांजन फिरते, आणि आरतीच्या अर्धा तास आधी पिंजरा मागच्या खोलीत जाऊन दाराच्या फटीला ओला पंचा लागतो. हे सारे आईनेच ठरवले, आणि पिंजरा उचलायची आठवणही आता तीच करते.

वहीत काय शोधावे

रोजची नोंद दोन मिनिटांत होते. वजन, विष्ठेचा रंग व पातळपणा, आवाज, आणि घरातील त्या दिवसाची वेगळी गोष्ट, एवढे पुरे. वजन दहा टक्क्यांनी घटले, म्हणजे ९० ग्रॅमचा पक्षी ८१ वर आला, तर वहीत डोके घालत न बसता त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. तीन-चार आठवड्यांच्या नोंदी झाल्या की प्रत्येक आजाराच्या आधीचे पूर्ण चोवीस तास वाचावेत आणि जे प्रत्येक वेळी आढळते, पण निरोगी दिवसांच्या आधी आढळत नाही, त्याच्याखाली रेघ मारावी. संशयित गोष्टी दोन-तीन निघाल्या तर, त्या पक्ष्यापासून सर्वच दूर कराव्यात. कोणती बाधते याची परीक्षा पाहण्यासाठी पक्ष्याला मुद्दाम पुन्हा त्या हवेत बसवणे मला मान्य नाही. घर चालवण्यासाठी जी गोष्ट परत आणावीच लागेल, ती पक्षी दुसऱ्या खोलीत असताना आणि एका वेळी एकच आणावी.

मराठी घरात वाराला बांधलेल्या गोष्टी बऱ्याच निघतात. शनिवारची फिनेलने पुसलेली फरशी, रविवारी बाथरूममध्ये ओतलेले अ‍ॅसिड, पाहुणे यायच्या आधी मारलेला सुगंधी फवारा, सहा महिन्यांनी होणारे पेस्ट कंट्रोल, पावसाळ्यात रस्त्यावरून धूर सोडत जाणारी पालिकेची गाडी. या गाडीचा आवाज आला की खिडक्या लावून घ्याव्यात आणि धूर विरल्यावर उघडाव्यात. एरवीच्या नियमाच्या अगदी उलटे, पण धूर बाहेरचा आहे. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र कधीही ओतू नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि तो माणसालाही घातक असतो. सुक्या मिरचीची फोडणी करपली तर मिरचीचे तिखट पक्ष्याच्या जिभेला लागत नाही, तो हिरवी मिरची मिटक्या मारत खातो, परंतु करपलेल्या तेलाचा धूर हा धूरच असतो. घराला रंग द्यायचा असेल तर पक्षी काही दिवस नातेवाइकांकडे पाठवावा आणि रंगाचा वास पूर्ण गेल्यावरच परत आणावा.

सर्दी समजून काही जण पिंजऱ्याला ओवा-कापराची पुरचुंडी बांधतात किंवा पिंजऱ्याजवळ बाम ठेवतात. तान्ह्या बाळासाठी जपलेली ही माया इथे उलटी पडते, आणि घरगुती उपायांपैकी हा उपाय मला सर्वांत चुकीचा वाटतो. आधीच दाह झालेल्या श्वासमार्गाजवळ उग्र वास आणून ठेवल्याने पक्षी आणखी गुदमरतो.

नॉनस्टिक तवा: इथे वही उपयोगाची नाही

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टी दुसऱ्यांदा घडेपर्यंत वेळ देतात. नॉनस्टिकचा लेप तो देत नाही. हा लेप पॉलिटेट्राफ्लुरोइथिलीनचा, म्हणजे पीटीएफईचा असतो. टेफलॉन हे त्याचे प्रसिद्ध व्यापारी नाव. मध्यम आचेवर अन्न शिजत असताना तो स्थिर राहतो, पण सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तापत गेला की विघटित होऊ लागतो, आणि त्यातून निघणाऱ्या वायूंनी व सूक्ष्म कणांनी पक्ष्यांच्या फुप्फुसांत रक्तस्राव होऊन काही मिनिटांत मृत्यू येतो. त्याला रंग नसतो आणि लक्षात यावा असा वासही बहुधा नसतो. भरलेल्या तव्यात तेल किंवा पाणी असते, ते जळू लागले की इशारा तरी मिळतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर दोन-चार मिनिटांत ही मर्यादा ओलांडतो आणि काहीही सांगत नाही. घावन घालायचे म्हणून तवा ठेवला, दारावर कुणी आले, बोलणे लांबले: एवढ्यात सारे होऊन जाते.

भांड्यावर ‘पीएफओए-मुक्त’ लिहिलेले असले म्हणजे ते पक्ष्यांसाठी निर्धोक असते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. पीएफओए हे लेप बनवताना वापरले जाणारे वेगळे रसायन होते. ते वगळले तरी लेप पीटीएफईचाच राहतो. शिवाय हा लेप केवळ तव्यावर नसतो. सँडविच टोस्टर, एअर फ्रायर, इस्त्रीचा तळ, काही खोली-तापक आणि काही उष्णता देणारे दिवे यांवरही तो असू शकतो. आजारी पक्ष्याला ऊब देण्यासाठी आणलेल्या दिव्यानेच घात होऊ नये म्हणून दिवा घेताना ‘लेप आहे का’ हे विचारूनच घ्यावा. या बाबतीत ‘काळजीपूर्वक वापरू’ हा तोडगा मी स्वीकारत नाही. पक्षी घरात असेल तर नॉनस्टिक घराबाहेर जावे. आपल्याकडे बिडाचा तवा आहे, नीट मुरवला तर घावन त्यावर सुटते, आणि त्याची जाळी नॉनस्टिकपेक्षा सरस पडते. बिडाचा तवा तापून धुरावला तर खिडकी उघडावी, इतकेच.

उलटी, हिरवी विष्ठा आणि लटपटणारे पाय

श्वासाची तक्रार नसून पक्षी वारंवार अन्न उलटवत असेल, विष्ठा गडद हिरवी व पाणीदार असेल, दांडीवरील पकड सुटत असेल किंवा झटके येत असतील, तर हवेऐवजी धातूचा संशय घ्यावा. शिसे आणि जस्त हे दोन धातू पोपटांच्या पोटात जाण्याचे प्रकार नेहमीचे आहेत, कारण पोपट प्रत्येक वस्तू चोचीने तपासतो. क्ष-किरण चित्रात धातूचे कण ठिपक्यांसारखे दिसू शकतात, रक्ततपासणीने खात्री होते, आणि डॉक्टर कॅल्शियम ईडीटीएसारखे, धातूला बांधून शरीराबाहेर काढणारे औषध देतात. पक्षी सुधारतो. घरात धातू तसाच असेल तर तो महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा खातो, आणि सर्वांना वाटते आजार उलटला.

ओळखीच्या एका कुटुंबाच्या सन कोन्यूरला असे दोनदा झाले. त्यांनी पिंजरा बदलला, खेळणी फेकली, वाट्या स्टीलच्या आणल्या. कारण सापडले ते एका दुपारी कुणीतरी जमिनीवर बैठक मारून पक्षी मोकळा असताना नेमके काय करतो ते पाहत राहिले तेव्हा. तो थेट खिडकीच्या गजावर जाई आणि कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ज्या जी.आय., म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, तारेने बांधली होती, तिची वळवलेली टोके चघळत बसे. पावसाने त्या तारेवर पिठासारखा पांढरा थर आला होता. जस्ताचा गंज तो हाच. जाळीची ती बाजू स्टेनलेस तारेने बांधून घेतली आणि पक्ष्याला तिसरी खेप आली नाही.

जस्ताचा मुलामा असलेला स्वस्त पिंजरा हाही याच यादीतला. तो बदलणे शक्य नसेल तर व्हिनेगर लावून ब्रशने घासून, धुऊन, उन्हात वाळवून घ्यावा. त्याने सुटा थर कमी होतो, जस्त संपत नाही. शिसे सोल्डरमध्ये, जुन्या रंगाच्या पापुद्र्यांत, मासेमारीच्या गळाच्या वजनांत आणि स्वस्त नकली दागिन्यांत मिळते. खेळण्यांतल्या घुंगरांत धातूचा प्रश्न आहेच, शिवाय त्यांच्या चिरेत पायाचे बोट अडकते.

रात्रीची आदळआपट

कॉकाटील पाळणाऱ्यांना हा प्रकार परिचयाचा असतो: रात्री दोन-अडीचला पिंजऱ्यात अचानक फडफडाट, दिवा लावावा तो पक्षी तळाशी धापा टाकत बसलेला आणि जाळीवर रक्ताचे थेंब. कॉकाटील अंधारात दचकून उडतात आणि गजांवर आदळतात. नुकत्याच येणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त असते, ती मोडली की भरपूर रक्त वाहते. इथेही वेळ लिहून ठेवावी. एका घरी वीज परत आल्यावर इन्व्हर्टर बीप करत असे, दुसऱ्या घरी रात्रपाळीहून येणाऱ्या गाडीचा प्रखर प्रकाश खिडकीतून पिंजऱ्यावर पडत असे, बाकी बऱ्याच घरी भिंतीवरची पाल किंवा उंदीर निघतो. झिरोचा मंद दिवा रात्रभर चालू ठेवावा, पिंजरा तिन्ही बाजूंनी झाकून एक बाजू उघडी ठेवावी आणि झोपण्याच्या दांडीभोवती लोंबती खेळणी ठेवू नयेत. सुती दोराच्या खेळण्यांचे धागे सुटले की ती टाकून द्यावीत, मग पक्ष्याला कितीही आवडत असोत. ते धागे बोटाला आवळतात आणि गिळले तर अन्नपिशवीत गोळा होतात.

घड्याळ ज्यांना लागत नाही

पंखा, उघडी बादली आणि दार यांना वार नसतो. पंख्याबाबत आमच्याकडे एकच नियम आहे: पिंजऱ्याच्या दाराची किल्ली पंख्याच्या बटणाजवळच्या खिळ्याला अडकवलेली असते, म्हणजे पक्षी सोडण्यासाठी हात तिथेच जातो आणि बटण बंद होते. मंद फिरणारा पंखाही बंद करून पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबावे. पंख छाटणे हा पंख्यावरचा उपाय म्हणून सुचवला जातो, पण मला तो पटत नाही. छाटलेला पक्षी जमिनीवर चालतो आणि पायाखाली, दाराच्या फटीत, बादलीत सापडतो, आणि दोन-चार पिसे नव्याने आली की एके दिवशी अचानक उडून दाखवतो, त्या दिवशी पंखा चालू असतो. बाथरूमचे दार, कमोडचे झाकण, पाण्याची पिंपे आणि तापलेल्या दुधाचे पातेले ही झाकलेली असावीत. पक्षी छातीवर घेऊन दुपारी आडवे होऊ नये, झोप लागते.

खाण्यात अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट, दारू आणि चहा-कॉफी पूर्ण वर्ज्य. ‘आमचा पोपट चहा-बिस्किटाशिवाय ऐकत नाही’ हे कौतुक बंद व्हावे. बुरशी आलेले शेंगदाणे अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे यकृताला घातक ठरतात, म्हणून कुबट वासाचा एकही दाणा देऊ नये, आणि नुसत्या सूर्यफुलाच्या बियांवर पक्षी ठेवू नये. झाडांपैकी प्रत्येक फ्लॅटमध्ये असणारा मनी प्लांट आणि डिफेनबेकिया चावल्यास तोंडाला तीव्र दाह होतो. कण्हेर, पिवळी असो वा लाल, हृदयावर परिणाम करते, म्हणून तिची फुले देवासाठी आणलेली परडीही पक्ष्याच्या आवाक्यात नसावी.

त्रास समोर घडत असताना

पक्षी तोंड उघडून श्वास घेत असेल तर आधी स्वयंपाकघराचा गॅस बंद करून पक्ष्याला त्या खोलीतून बाहेर, मोकळ्या हवेत न्यावे. कारण नंतर शोधता येते. चोचीत पाणी, मध, तेल किंवा ग्लुकोज ओतू नये, श्वास लागलेला पक्षी ते फुप्फुसांत घेतो. माणसांची औषधे, विशेषतः तापाच्या गोळ्या, देऊ नयेत. धूर लागलेल्या पक्ष्याला दवाखान्यात प्राणवायू मिळणे हा खरा उपचार असतो, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून तशी सोय आहे का ते विचारावे. पीटीएफई बाधलेल्या पक्ष्याला वाचवणे बहुतेक वेळा शक्य होत नाही. पिसाची नळी मोडून रक्त येत असेल तर कॉर्नफ्लोअर लावून स्वच्छ कापसाने हलके दाबून धरावे आणि रक्त थांबले नाही तर पीस स्वतः उपटण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे. एरवी मलूल असलेल्या पक्ष्याला साधारण ३० अंशांची ऊब लागते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवली की पक्षी स्वतःच जवळ-दूर होतो. उन्हाळ्यात पंख अंगापासून दूर धरून धापा टाकणाऱ्या पक्ष्याला मात्र ऊब देऊ नये, सावलीत घेऊन पायांवर कोमट पाण्याचा हलका फवारा मारावा.

प्रवासाला पिंजऱ्याऐवजी हवेला भोके असलेले छोटे खोके बरे, तळाशी कागद अंथरावा म्हणजे ताजी विष्ठा डॉक्टरांना दाखवता येते. सोबत वही घ्यावी, आणि संशय असलेल्या वस्तूचा, डासांच्या औषधाच्या डबीचा किंवा चघळलेल्या तारेचा फोटोही. खोके मांडीवर घेऊन निघण्याआधी गाडीत बसवलेली सुगंधी डबी काढून घरी ठेवावी आणि खिडकी चार बोटे उघडी असावी.